दादा काय कामगार हाय व्हय?

“उंचीवर काम चालतं का हो तुमच्यात?” मी मान वर करून खालून ओरडले. ज्याला विचारत होते तो मालक पोल्ट्रीच्या नव्या शेडच्या माथ्यावर, दोन पाय दोन उतारांवर सोडून, पत्र्याला स्क्रू मारत बसला होता. तिथूनच त्यानं उत्तर दिलं, “न्हाई ताई, उंचीवर कुठलं? हितल्या हितंच असतंय आपलं!” मी फॉर्मवर लिहिलं, उंचीवरील काम: नाही. मग तो शिडीनं खाली उतरला आणि त्यानं सही केली.

अशी मी विमा एजंट. गेली वीस वर्षं कराड, उंब्रज, तिकडं पार सांगलीपर्यंत स्कूटीवरून हिंडते आणि कामगार नुकसानभरपाईच्या पॉलिस्या विकते. जीवनविम्याच्या एजंटला लोक निदान पाणी तरी विचारतात. मला बघितलं की मालक आधी घड्याळ बघतो, मग आभाळ बघतो, आणि मग म्हणतो, “परवा या की.” कायदा साधा आहे. कामावर माणसाला इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची. ती मालकाच्या वतीनं कंपनीनं द्यावी, म्हणून मालकानं वर्षाला कंपनीला हप्ता भरायचा. एवढं सांगून झालं की मालक विचारतो, “आणि कुणाला काय झालंच न्हाई तर पैसं परत मिळत्यात का?” नाही म्हटलं की त्याला वाटतं मी त्याच्या खिशात हात घातला.

हप्ता कसा ठरतो हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आधी बघायचं, माणूस काम काय करतो. टेबलाशी बसून बिलं फाडणाऱ्याचा हप्ता थोडका, वेल्डिंगवाल्याचा जास्त, पत्रा कापणाऱ्याचा त्याहून जास्त, आणि पत्र्यावर चढणाऱ्याचा विचारूच नका. मग माणसं किती, त्यांना पगार किती, मशीनला संरक्षण आहे की नाही, आणि मागल्या वर्षात कुणाला काही लागलं-बिगलं का. मागं अपघात झाला असेल तर पुढचा हप्ता चढतो. एकदा दूध उतू घालवलेल्या सुनेकडं सासू जशी जन्मभर बघते, तशी कंपनी त्या मालकाकडं बघते.

आता ही सगळी माहिती कंपनीला कोण देतं? मालक. आणि लिहितं कोण? मी. आमच्या भागातले मालक दोन ठिकाणी माणसं मोजतात. पोराचं लग्न ठरवायचं असलं की “पंचवीस माणसं हाताखाली हायत” आणि माझ्यासमोर बसले की चार. त्यातला एक रखवालदार, एक चहा देणारा आणि उरलेले दोघं “कधी येत्यात, कधी न्हाई.” खडीच्या क्रशरचा एक मालक तर मला म्हणाला, “मॅडम, आमच्यात सुरुंग-बिरुंग काय न्हाई. दगड आपसूक निघत्यात.” मागं डोंगर अर्धा खाल्लेला दिसत होता. मला हसू यायचं, आणि मी लिहायचे. माझं कमिशन हप्त्यावर असतं हे खरं, पण मालक दुसऱ्या एजंटकडं गेला तर कमिशन शून्य होतं, हे त्याहून खरं. तेव्हा मला शहाणपण शिकवायला कुणी येऊ नये. मी ते पुढं शिकले, आणि घरातच शिकले.

माझा नवरा मिलिट्रीत होता. हवालदार म्हणून रिटायर झाला, तेव्हा वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. आमच्याकडं घरटी एक माणूस मिलिट्रीत आणि एक उसात, असा हिशोब असतो. ऊस सासऱ्यांनी वाटून दिला होता, त्यात आमच्या वाट्याला आलेल्या रानावर दोन वेळचं भागलं असतं, पोराचं कॉलेज भागलं नसतं. नवऱ्याला घरात बसवेना. पहाटे पाचला उठायचा, अंगण झाडायचा, माझी स्कूटी पुसायचा, आणि सात वाजता काम संपलं की माझ्यामागं स्वयंपाकघरात येऊन डब्यांची रांग सरळ करायचा. महिनाभरात मी हात जोडले. म्हटलं, “आवं, कुठंतरी जावा. कुठं पण जावा.”

त्याच्या चुलत भावाचं, म्हणजे माझ्या चुलत दिराचं, उंब्रजच्या अलीकडं हायवेला लागून वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या बनवायच्या, जुन्या दुरुस्त करायच्या. कारखाने सुरू व्हायच्या आधी दोन महिने तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. नवरा तिथं जाऊ लागला. कामाला? छे! असं म्हणायचं नाही. भावकीत धाकट्या भावाकडं कामाला आहे असं म्हटलं की माणसाची किंमत उतरली. तो “लक्ष ठेवायला” जायचा. घरी कुणी विचारलं, पाहुण्यात कुणी विचारलं, की ठरलेलं उत्तर: “जरा लक्ष ठेवायला जातो. धाकट्याला एकट्याला जमत न्हाई.”

लक्ष ठेवायला जाणारा हा माणूस सकाळी आठला जायचा. आठ म्हणजे आठ. पगारी गडी साडेआठला जांभया देत यायचे, तोवर ह्यानं शेड झाडून, हजेरीची वही उघडून ठेवलेली असायची. सगळ्यांची हजेरी तोच मांडायचा. वहीत त्याच्या स्वतःच्या नावाची ओळ नव्हती. संध्याकाळी साडेसहाला घरी यायचा तेव्हा अंगाला लोखंडाचा वास, शर्टाला ठिणग्यांची भोकं. नुसतं लक्ष ठेवून शर्टाला भोकं पडतात होय? पण बोलायची सोय नव्हती. महिन्याच्या एक तारखेला चुलत दीर घरी यायचा, पाकीट माझ्या हातात द्यायचा, आपल्या दादाच्या हातात नाही, आणि म्हणायचा, “वैनी, चहापाण्याला ठेवा.” त्या चहापाण्यात आमचं वाणसामान, लाइटचं बिल आणि पोराची फी भागायची. एवढा चहा पिणारं घर सातारा जिल्ह्यात दुसरं नसेल.

वर्कशॉपची पॉलिसी माझ्याकडंच होती. दसऱ्याच्या सुमाराला ती संपायची, म्हणून मी दरवर्षी खंडेनवमीलाच जायचे. त्या दिवशी मशीन बंद, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. वेल्डिंगच्या मशीनला माळ, ड्रिलला माळ, पत्रा कापायच्या मोठ्या मशीनला, ज्याला सगळे शेरिंग म्हणतात, सगळ्यात मोठी माळ. शेरिंगच्या पात्यापुढं लोखंडी जाळीचा एक गार्ड बसवायचा असतो, हात आत जाऊ नये म्हणून. तो गार्ड भिंतीला खिळ्यावर टांगलेला असायचा. त्यालाही माळ. गार्ड लावला की पत्रा आत सरकवायला वेळ जातो, आणि सीझनच्या तोंडावर वेळ कुणाला? फॉर्मवर प्रश्न असायचा, मशीनला गार्ड आहे का. मी लिहायचे, आहे. खोटं काय त्यात? होताच की भिंतीवर. त्याबद्दल हप्त्यात सूटही मिळायची. माझी पॉलिसीची प्रत चुलत दीर शेरिंगसमोर ठेवायचा आणि तिच्यावरही हळदकुंकवाचं बोट ओढायचा.

एका वर्षी कंपनीनं नियम बदलला. नुसता आकडा चालणार नाही, नावानिशी यादी पाहिजे, प्रत्येकाचं वय आणि कामाचं स्वरूप पाहिजे. मी पूजा झाल्यावर खुर्ची घेऊन बसले. माझी जुनी सवय, आधी वहीत पेन्सिलीनं उतरवायचं आणि मग घरी जाऊन कंपनीच्या पोर्टलवर भरायचं. चुलत दीर नावं सांगत होता, मी लिहीत होते. सहा झाली. सातव्या ओळीवर मी माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, शेरिंग मशीन.

चुलत दिरानं वहीत डोकावलं आणि तो मोठ्यानं हसला. “आवं वैनी, दादाचं नाव कशापायी? दादा काय कामगार हाय व्हय?”

सहाच्या सहा गडी तिथंच प्रसाद खात उभे होते. तेही हसले. नवरा माळांचा उरलेला दोरा गुंडाळत होता. त्याचं तोंड असं झालं, जसं भर पंगतीत कुणी पुढ्यातली पत्रावळ ओढावी. मला म्हणाला, “फालतू काय बी लिवत बसतीस! पूस ते.”

मी पुसलं.

हे मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं आहे. मला कायदा ठाऊक होता. तो वेगळ्या घरात राहतो, रोज कामावर जातो, महिन्याला पैसे घेतो, म्हणजे तो कामगारच, मग मालक भाऊ असो की बाप. हे मी परक्या मालकांना दहादा सांगितलं असेल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशी मी दोन गोष्टी पाहिल्या. एक, नाव ठेवलं तर रात्री घरी भांडण. दुसरी, नाव काढलं तर शेरिंगवरचा माणूस यादीतून गेला, हप्ता उतरला, दीर खूश, पॉलिसी माझ्याकडंच. खोडरबरानं एका मिनिटात दोन्ही कामं झाली. यादीत राहिलेल्या सहांपैकी शेरिंग कोण चालवतं असं विचारल्यावर चुलत दिरानं एका गड्याकडं बोट दाखवलं. तो खरंच चालवायचा, अधूनमधून.

पौषात औंधाला यमाईची यात्रा असते. त्या गड्याचं गाव तिकडचं, तो यात्रेला गेला. कारखाने जोरात होते, ट्रॉल्या मोडून दारात येत होत्या. मी त्या दिवशी सांगलीला एका हळद पॉलिश करणाऱ्याच्या शेडमध्ये फॉर्म भरत होते. सगळीकडं पिवळी धूळ. त्याला मी विचारत होते, “मागच्या वर्षी कुणाला काही लागलं का?” तो म्हणाला, “आमच्यात कुणाला काय लागत न्हाई.” तेवढ्यात माझा फोन वाजला. चुलत दीर होता. “वैनी, दादाला जरा लागलंय.”

जरा म्हणजे उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याशेजारची आणि मधली.

कराडच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा चुलत दीर जिन्यात बसून लहान पोरासारखा रडत होता. त्यानं दवाखान्याचं बिल भरलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी न सांगता भरलं, हे मी इथं लिहिलंच पाहिजे. आत नवरा डोळे मिटून पडला होता. मला बघितलं आणि म्हणाला, “अंगठा शाबूत हाय. पेन्शनला हयातीचा दाखला देताना मशीनवर अंगठाच लागतो. मग काय?” चोवीस-पंचवीस वर्षं बर्फात आणि वाळूत काढून हा माणूस अंगावर ओरखडा न घेता घरी आला होता. आणि सख्ख्या चुलत भावाच्या शेडात, घरापासून दोन मैलांवर, हात देऊन बसला. मी तिथंच भिंतीला धरून रडले. मग डोळे पुसले आणि सवयीनं कंपनीला अपघात कळवला. वीस वर्षांची सवय, आधी कळवायचं, मग रडायचं. माझा क्रम फक्त उलटा झाला.

कायद्यात बोटांचा एक तक्ता असतो. कुठलं बोट, किती पेरं गेली, त्यावर कमाईची ताकद किती गेली हे ठरतं. अंगठ्याला सगळ्यात जास्त मान, करंगळीला सगळ्यात कमी. तो तक्ता मला पाठ होता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मनात नवऱ्याच्या बोटांची ओळ शोधली आणि माझीच मला शिसारी आली. पण पैशाची गरज होती. पोराचं शेवटचं वर्ष होतं, आणि चहापाणी आता कोण देणार होतं? त्याहून मोठं म्हणजे, त्या हातानं हा माणूस आता काय करणार होता, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. भरपाई मिळाली असती तर हायवेला लहानसं दुकान टाकता आलं असतं. रात्री तो छताकडं बघत तेच बोलायचा.

चुलत दिराला मी सांगितलं, यादीत नाव नाही. तो म्हणाला, “मागल्या तारखेनं घाला.” म्हटलं, भावजी, पोर्टलला मागली तारीख कळत नाही. “बरं, मग सर्व्हेअरला सांगू. माणूस डोळ्यापुढं दिसतोय की!” भावकीला एकच भरवसा, वैनी हायत न्हवं, त्या बघतील. आणि मीही आत कुठंतरी आशा धरून होतेच. सर्व्हेअर म्हणजे कंपनीचा तपासणीला येणारा माणूस. शेडवर सगळ्यांनी सांगितलं की हा रोज कामाला होता, तर काहीतरी निघेल, असं मी स्वतःला समजावत होते.

सर्व्हेअर सांगलीहून आला. तरुण, सौम्य, बूट झाडून आत येणारा. वर्कशॉपमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. चुलत सासरे, म्हणजे मालकाचे वडील, पांढरं धोतर नेसून मधोमध बसले होते. भावकीतले आणखी दोघं आले होते. नवरा कडेला, हात गळ्यात अडकवलेला. चहा आला.

सर्व्हेअरनं विचारलं, “हे इथं कामाला होते का?”

आणि काय सांगू! ज्या भावकीत त्याला कामगार म्हणणं पाप होतं, तिला एकदम कंठ फुटला. “व्हय साहेब, कामाला! रोज कामाला!” “सकाळी आठला हजर, कवा खाडा न्हाई!” चुलत सासऱ्यांनी काठी आपटली. “ह्यो? ह्यो हाडाचा कामगार हाय! पगारी माणूस!” नवरा खाली मान घालून बसला होता. इतकी वर्षं जे ऐकायला लागू नये म्हणून तो जपत आला, ते सगळी भावकी एका सुरात ओरडून सांगत होती, आणि त्याच्या भल्यासाठीच सांगत होती.

सर्व्हेअरनं सगळं लिहून घेतलं. मग पिशवीतून यादी काढली. “यात सहा नावं आहेत. यांचं नाव दिसत नाही.”

“ऱ्हायलं असंल चुकून,” चुलत दीर म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं.

“चुकून राहिलं असेल, पण यादीत नसलेल्या माणसाची भरपाई कंपनी देणार नाही,” सर्व्हेअर शांतपणे म्हणाला. नवऱ्याकडं वळून त्यानं पुढं सांगितलं, “तुम्ही काळजी करू नका. तुम्ही इथं पगारी कामगार होता असं यांनी सगळ्यांनी सांगितलंच आहे. विमा असो नसो, मग भरपाई मालकाला स्वतःला द्यावी लागते. कायदाच आहे तसा.”

चुलत सासऱ्यांच्या हातात चहाची बशी होती. ती तोंडापाशी गेलेली तशीच थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “तसा म्हंजे कामगार न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हंजे येऊन बसायचा. घरचाच माणूस, भाऊच की. भावाला कुणी कामाला ठेवतं व्हय?”

“पगारी म्हणालात.”

“चहापाण्याला द्यायचो,” चुलत दीर म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. नव्या मशीनचं कर्ज त्याच्या डोक्यावर होतं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. भावकीतले दोघंही लगेच म्हणाले की व्हय व्हय, लक्ष ठेवायला यायचा, आवड म्हणून यायचा. एक कप चहा संपायच्या आत माझा नवरा हाडाच्या कामगाराचा हवापाण्याला येणारा पाहुणा झाला. सर्व्हेअरनं आधीची ओळ खोडली नाही. त्यानं पेन नवऱ्याकडं रोखलं आणि विचारलं, “काका, तुम्हीच सांगा. तुम्ही इथं कामाला होता का?”

हो म्हणा, हो म्हणा, मी मनात ओरडत होते. एक शब्द. तो म्हणाला असता तर सगळं होतं, दुकान होतं, पोराची फी होती. त्यानं चुलत भावाकडं बघितलं. मग भिंतीवरच्या गार्डकडं बघितलं. खंडेनवमीची माळ अजून त्यावर वाळून लोंबत होती.

“न्हाई साहेब,” तो म्हणाला. “मी लक्ष ठेवायला यायचो.”

“हे खोटं आहे,” मी उठून म्हणाले. “यांचं नाव मी...”

“तू गप,” तो म्हणाला. सगळ्यांसमोर. आणि मी, जिची जीभ सातारा-सांगलीत कुणी धरू शकलं नाही, गप्प बसले. त्याची लाज मला अजून आहे. सर्व्हेअरनं पुढ्यातल्या कागदावर त्याची सही मागितली. डाव्या हातानं सही जमेना, म्हणून अंगठा घेतला.

घरी येऊन मी भांडले. भांडी आपटली, नको ते बोलले. म्हटलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणता ना, घ्या आता, झाका!” बोलले आणि जीभ चावली. तो एवढंच म्हणाला, “दवाखान्याचं बिल भरलंय त्यानं. आजून काय त्याचं घर इकायला लावू? आपलंच दात, आपलंच ओठ.” मी म्हटलं, “नाव मी पुसलं होतं.” तो म्हणाला, “मी पूस म्हणालो हुतो.” दुकान काही झालं नाही. चार महिन्यांनी तो पुन्हा आठ वाजता बाहेर पडू लागला. लक्ष ठेवायला. आणि महिन्याच्या एक तारखेला पाकीट पुन्हा माझ्या हातात येऊ लागलं.

पुढची खंडेनवमी आली. मी खुर्ची घेऊन बसले. माळा, हळदकुंकू, सगळं तसंच. पूजा उरकल्याबरोबर एक अडलेली ट्रॉली होती म्हणून शेरिंग चालू केलं होतं. नवरा त्यावर पत्रा सरकवत होता, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी. पोर्टल आता माझ्या मोबाइलवरच उघडायचं. मागील वर्षातले अपघात, या रकान्यात आपोआप ‘निरंक’ आलं होतं. भरपाई दिली नाही, म्हणजे अपघातच झाला नाही. त्याबद्दल हप्त्यात सूट दाखवत होतं. सूट! चुलत दीर खांद्यावरून बघत होता. अगदी निर्मळपणे म्हणाला, “बरं झालं वैनी. औंदा हप्ता कमीच यील. काय अपघात न्हाई, काय न्हाई.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वही उघडली. सातव्या ओळीवर गेल्या वर्षी खोडलेल्या अक्षरांची पुसट खूण होती. मी तिथं पेननं नवऱ्याचं नाव लिहिलं, कामाचं स्वरूप शेरिंग मशीन, आणि तसंच पोर्टलवर भरलं. चुलत दीर बोलायला गेला, “आवं वैनी, दादा काय...” आणि पुढचं त्याचं त्यालाच म्हणवेना.

फॉर्मवर एक प्रश्न असतो, कामगाराला आधीपासून काही शारीरिक व्यंग आहे का. मी भरलं, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. अर्ध्या तासात कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकला, कारण शेरिंग चालू असताना कानाला लावून ऐकू येत नाही.

“मॅडम, या सातव्या माणसाची बोटं कशी गेली? तुमच्या वर्कशॉपला तर आजवर एकही अपघात नाही. घरी गेली का?”

शेरिंग थांबलं. सगळी शेड ऐकत होती. चुलत दीर माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मागल्या वर्षीची तीच भीती होती. घरी गेली म्हटलं की संपलं असतं. वीस वर्षं मी हेच तर लिहीत आले होते, ज्याला जे सोयीचं ते.

नवरा मशीनपासून आला. डाव्या हातानं माझ्या हातातला फोन घेतला, तोंडाजवळ धरला आणि परेडवर रिपोर्ट द्यावा तसा म्हणाला, “साहेब, बोटं हितंच गेली. कामावर. ह्याच मशीनवर. मी हितं कामाला हाय. मागल्या खेपेला मी न्हाई म्हणालो, ती माझी चूक हाय. लिवून घ्या.”

पलीकडं कुणीतरी लिहून घेत होतं. चुलत दीर मटकन बाकड्यावर बसला. नवऱ्यानं फोन माझ्या हातात परत दिला, भिंतीपाशी गेला, गार्डवरची माळ काढून शेरिंगच्या पायाशी ठेवली आणि गार्ड खिळ्यावरून उतरवायला लागला. उजव्या हाताची पकड बसेना, म्हणून चुलत दीर उठून त्याला हात द्यायला गेला.

त्या वर्षी हप्ता चढला, गार्ड भिंतीवरून उतरला तरी. दिरानं कुरकुरत भरला. मागल्या भरपाईचं घोंगडं अजून भिजत पडलंय. नवऱ्यानं चूक आपल्या नावावर घेतली आणि कंपनीनं ती तशीच लिहून घेतली. पण त्या सातव्या ओळीवर रबर फिरवणारा हात माझा होता, आणि मला कायदा पाठ होता. फॉर्मवर त्याला रकाना नाही, म्हणून इथं लिहिलं.